विणकाम कट्टा, दर बुधवारी चार वाजता

३ तारीख, मंगळवार, दुपार

प्रिय बारके,

हे पाचवं पत्र. वकीलबाई म्हणतात, पत्रं तुझ्या हाती पडतात. तू ती वाचतेस की नाही, ते सांगत नाहीत. त्यांच्या तोंडाला कुलूप आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यामुळे आपल्या मधे त्या आहेत तेच बरं.

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. डबा उघडलाय, खाल्ला नाहीये. टेबलावर या आठवड्याची यादी आहे. विद्यापीठाच्या चारही कॅम्पसवर पुढच्या तीन आठवड्यांत काय काय होणार ते मंगळवारी माझ्याकडे येतं, मी ते सारखं करून पानावर चढवते. रक्तदान, वादविवाद, नव्या विद्यार्थ्यांच्या पालकांची ऑनलाइन भेट, निवृत्त प्राध्यापकांचा ऑनलाइन कट्टा (यात पहिला अर्धा तास सगळे एकमेकांना ‘आवाज येतोय का’ विचारतात आणि उरलेला अर्धा तास तो का येत नव्हता ते सांगतात), आणि एकवीसला लांबच्या कॅम्पसचा खुला दिवस. त्या दिवशी कुणीही यावं, नाव नोंदवावं, कुठलाही विभाग आतून बघावा. आमचे साहेब आतापासूनच खूश आहेत. त्यांना कात्री दिसली की फीत दिसते. मी मनातल्या मनात त्यांना उद्घाटनमूर्ती म्हणते.

आणि बुधवारी विणकाम कट्टा. तो मीच सुरू केला, तो माझा लाडका. तिथे सगळे कॅमेरा हातांवर लावून बसतात, म्हणून कुणाला कुणाचा चेहरा माहीत नाही. नावही काय वाटेल ते लावा. चार महिन्यांपूर्वी ‘निळी लोकर’ नावाचं कुणीतरी यायला लागलं. डाव्या हातानं विणणारी आणि लोकर करंगळीभोवती दोनदा गुंडाळणारी बाई मी जन्मात एकच पाहिली आहे, आणि तिच्या हातात सुया मीच दिल्या होत्या. मी ओळख दाखवली नाही. तूही दाखवू नकोस. उजवं मनगट पूर्ण वळत नाही, ते पाहिलं. त्याबद्दल आज लिहीत नाही.

गेल्या बुधवारी शेवटी सगळ्यांनी आपापलं विणकाम वर धरलं आणि मी स्क्रीनचा फोटो काढला. बावीस चौकोन, नुसते हात. आमच्या पानावर टाकला, यादीच्या शेजारी. छान आलाय. एकही चेहरा नाही, तेव्हा काळजी नको.

काल कुणाचा तरी फोन आला होता. कट्ट्याला कुठल्या कुठल्या कॅम्पसची माणसं येतात, म्हणून विचारत होता. मी म्हटलं, चारही. आवाज खोकल्यानं बसल्यासारखा होता. बाकी काही नाही.

आई बरी आहे. तू काही लिहिलं नाहीस तरी चालेल. नुसता कोरा कागद पाकिटात घालून पाठव, मला पुरेल.

तुझी ताई

११ तारीख, बुधवार, संध्याकाळी साडेपाच

बारके,

तू पाहिलंस ना? पाहिलंसच. तुझा चौकोन काळा झाला तेव्हाच मला कळलं.

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर रागावू नकोस. आज चार वाजता बाहेर तेवीस नावं थांबली होती. तेविसावं नाव ‘नवशिका’. सकाळी नोंदणी झाली होती, नाव माझ्या यादीत होतं, आणि यादीत असलेल्याला आत घ्यायचं हा आमच्या ऑफिसचा नियम. घेतलं.

दोन हात. रिकाम्या टेबलावर पालथे ठेवलेले. सुया नाहीत, लोकर नाही. रसायनशास्त्राच्या निवृत्त मॅडम, त्यांना गप्प बसवत नाही, त्या म्हणाल्या, “अहो नवशिके, लोकर घरी विसरलात की काय?” सगळे हसले. त्यानं खाली टाइप केलं, ‘आज फक्त बघतो.’

डाव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं. ते नख माझ्याच घरी, माझ्याच कपाच्या कानावर मी पाहिलं आहे. तुझ्या नवऱ्याचा हात ओळखायला मला आरसा लागत नाही.

बाहेर काढायचं बटण माझ्या बोटाखाली होतं. बोट हललं नाही. चाळीस मिनिटं ते हात तसेच पडून राहिले. बायका टाके मोजत होत्या, कुणाच्या तरी घरी कुकर वाजत होता, आणि मी सगळ्यांना म्हणत होते, “वा, छान झालंय हो!”

घाबरू नकोस. त्याला इतकंच कळलंय की तू विणतेस. हात काय, कुठूनही दिसतात. तो फोटो मी केव्हाच काढून टाकलाय.

ताई

१२ तारीख, गुरुवार, दुपार

बारके,

कालचं पत्र टाकलं नाही. हे आणि ते एकाच पाकिटात घालतेय. कालच्यात दोन गोष्टी खोट्या आहेत.

फोटो मी पानावरून आज सकाळी दहा वाजता काढला. तो पंधरा दिवस पानावर होता. बैल गेला आणि झोपा केला.

दुसरी गोष्ट लिहायला मला ही तिसरी बैठक लागतेय. हात कुठूनही दिसतात हे खरं, पण तुझ्या हातांखाली टेबलाची कड दिसत होती, आणि कडेवर पांढऱ्या रंगात डेडस्टॉकचा, सामानाच्या नोंदीचा, नंबर होता. आपल्याकडे प्रत्येक खुर्चीला, टेबलाला, कपाटाला तो असतो, तुला माहीतच आहे. परक्याला ते नुसते आकडे. पण मला पहिल्या आकड्यावरून कॅम्पस कळतो, पुढच्या दोनांवरून इमारत, त्याच्या पुढच्यावरून खोली. मला कळलं की तू लांबच्या कॅम्पसवर, ग्रंथालयात, तळघरात ग्रंथदुरुस्ती विभागात बसतेस. फाटकी पुस्तकं शिवतेस. मला इतका आनंद झाला होता, बारके. फोटो टाकल्यावर दुसऱ्या दिवशी मी तो कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला तेव्हा दिसलं. आणि तरी मी तो काढून टाकला नाही, कारण आनंद झाला होता.

तुझा नवरा भांडार विभागात होता, तेव्हाची गोष्ट आठवते? लग्नाआधीची चार वर्षं. हातात ब्रश आणि रंगाचा डबा घेऊन चारही कॅम्पस फिरला होता. ते आकडे लावणारी जी माणसं होती, त्यांतला तो एक. त्यानं तीन वर्षं तुला कुठे कुठे शोधलं, मैत्रिणींची दारं ठोठावली, परगावी गेला, आणि तू त्याच्याच जुन्या विद्यापीठात बसली होतीस. दिव्याखालचा अंधार तू बरोबर शोधलास. मी तिथे बॅटरी मारली.

मुळात फोटो का घेतला, तेही सांगते. कट्ट्यासाठी नाही. आईसाठी. तीन वर्षांत तिनं तुझा आवाजही ऐकलेला नाही. मी तिला फोनवर मोठा करून दाखवला, म्हटलं, ओळख. तिनं एका बोटानं तुझं मनगट चोळलं, पडद्यावरच. मग पानावर टाकला, म्हणजे तिला रोज बघता येईल.

वकीलबाईंना आत्ता फोन करायला हवा, मला कळतं. पण मी काय केलं ते कळलं की त्या पत्रं बंद करतील. उद्या शुक्रवार, त्या पत्रं पुढे पाठवतात तो दिवस, पाकीट जाईलच. उद्या त्यांच्या ऑफिसात स्वतः नेऊन देते.

ताई

१६ तारीख, सोमवार, सकाळ

बारके,

आधी हे वाच. लांबच्या कॅम्पसच्या खुल्या दिवसाला त्यानं नाव नोंदवलंय. स्वतःचं, पूर्ण नाव. अर्जात एक प्रश्न असतो, ‘कोणता विभाग पाहायला आवडेल?’ तो मीच घातलाय, गेल्या वर्षी, लोकांची सोय म्हणून. त्यानं लिहिलंय, ‘ग्रंथदुरुस्ती’.

आज आल्या आल्या यादी उघडली आणि ते नाव दिसलं. मग मी वकीलबाईंच्या ऑफिसात फोन केला. शुक्रवारी त्या बाहेरगावी होत्या. माझं पाकीट त्यांच्या टेबलावर तसंच पडून होतं. म्हणजे पाच दिवस तुला त्या नंबराचं काहीच माहीत नव्हतं, आणि मी मात्र पत्र दिलं, काम झालं, असं समजून शनिवार-रविवार आईचे पाय दाबत बसले होते.

वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“त्याला आधी संशय असेल. खात्री कशावरून झाली?” त्यांनी विचारलं.

मी परत फोटोचंच सांगायला लागले.

“ताई, मला सगळं लागेल. अर्धं नको.”

मग त्यांना सांगितलं, ते तुलाही सांगते. तो नऊ तारखेला आमच्या ऑफिसात आला होता. कट्ट्याच्या दोन दिवस आधी. मी तुला लिहिलं नाही. नीट इस्त्रीचा शर्ट, हातात कागद. समोरच्या खुर्चीत बसला, येत्या कार्यक्रमांची छापील यादी मागितली, मी दिली. त्यानं ती घडी घातली. मग अगदी हळू म्हणाला, “ताई, ती बरी आहे ना? एवढंच सांगा. मी काही विचारणार नाही.”

आणि मी म्हटलं, “हात बरा दिसतो आता.”

तोंडातून निघाल्यावर मला ऐकू आलं. तो हसला. “तुम्ही नेहमी खरं सांगता,” म्हणाला, “म्हणून तर तुमच्याकडे यावंसं वाटतं.” जाताना खुर्ची परत आत सरकवून गेला.

तीन वर्षांपूर्वीही असाच आला होता. तू माझ्याकडे नऊ दिवस लपली होतीस. त्यानं चहा घेतला, आईची चौकशी केली, आणि विचारलं, ती इथेच आहे ना? मी म्हटलं, मागच्या खोलीत आहे. त्यानंतर लोक मला विचारायचे तेव्हा मी म्हणायचे, मला वाटलं तो सुधारलाय. तसं काही वाटलं नव्हतं. त्यानं विचारलं आणि मी सांगितलं, एवढंच. मला तोंडावर कुणी सरळ विचारलं की मी पाघळते. तुझं मनगट त्याच आठवड्यात मोडलं. तू माझ्याशी बोलत नाहीस ते बरोबर आहे, हे मी आजवर एकाही पत्रात लिहिलं नव्हतं.

वकीलबाई म्हणाल्या, “मी आत्ता तिला फोन करते. तुम्ही साहेबांना लेखी द्या, फोटोसकट सगळं. कोर्टाच्या आदेशाची प्रत मी पाठवते. तिच्या आसपासही त्यानं फिरकायचं नाही, असा आदेश आहे, तो फाटकावर असायला हवा.”

लेखी दिलं. उद्घाटनमूर्तींनी दोनदा वाचलं. म्हणाले, “बाई, नाव यादीत आहे म्हणजे तो आपला पाहुणा झाला. कार्यक्रम तर रद्द होणार नाही, प्रमुख पाहुणे ठरलेत.” मग चष्मा काढून जरा वेळ डोळे चोळले. “तुमच्या सख्ख्या बहिणीचा विषय आहे हा?” मी म्हटलं, हो. फाटकाला सूचना द्यायला त्यांनी सही केली. विणकाम कट्टा मात्र बंद. या आठवड्याच्या यादीतून मीच तो खोडला.

मी एकवीसला तिथे जातेय. नोंदणीच्या टेबलावर माणूस हवाच असतो. तुला भेटायला नाही, तू माझ्या समोर येऊही नकोस. वकीलबाईंनी तुला गाठलं असलं म्हणजे झालं. नसलं तर? हे पत्र तुला त्याच्या आधी मिळेल का, तेच मला कळत नाहीये. देवा.

ताई

२२ तारीख, रविवार

बारके,

तू गुरुवारीच तिथून निघालीस, हे मला काल संध्याकाळी कळलं. वकीलबाईंनी मुद्दाम सांगितलं नव्हतं. बरोबर केलं. कालचा अख्खा दिवस मी तू तळघरात आहेस असं धरूनच काढला, आणि तो माझ्या तोंडावर तेच वाचत होता.

फाटकाशी मांडव, मांडवात टेबल, टेबलावर मी, यादी आणि गळ्यात अडकवायची कार्डं. शेजारी फाटकावरचे काका, सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या खिशात आदेशाची प्रत आणि त्याचा फोटो. काका मला सारखे सांगत होते, “बाई, पाणी प्या.” नऊ ते अकरा मी चारशे माणसांना कार्डं दिली. मुलं, आजोबा, शाळेच्या सहली. प्रत्येक वेळी रांगेत उंच खांदा दिसला की मी यादीत त्याचं नाव पुन्हा बघायचे.

सव्वाअकराला आला. रांगेत उभा राहिला, मधे घुसला नाही. एका बाईला त्यानं पुढेही जाऊ दिलं. माझ्यासमोर आला आणि म्हणाला, “ताई, तुम्ही इथे? बरं झालं. ग्रंथदुरुस्ती कुठल्या मजल्यावर हो?”

मी म्हटलं, “मला माहीत नाही.”

जन्मात पहिल्यांदा मी त्याला खोटं सांगितलं, बारके, आणि ते मला अजिबात जमलं नाही. माझी नजर ग्रंथालयाच्या जिन्याकडे गेली. मी ती ओढून आणेपर्यंत त्यानं पाहिलं होतं. “तळघर,” तो म्हणाला, “हो ना? मला आठवतंय. रंगाच्या वासानं तिथे डोकं दुखायचं.”

काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, “साहेब, जरा बाजूला या, कागद दाखवायचाय.” तो गेला, मुकाट्यानं. पोलीस यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ तो काकांच्या खोलीत स्टुलावर बसून काचेतून माझ्याकडे बघत होता, आणि मी कार्डं वाटत होते. पोलिसांनी जबाब घेतला, आदेश वाचून दाखवला, घेऊन गेले. संध्याकाळी सोडला. पोलीस नेत असताना तो माझ्या टेबलापाशी थांबला होता. ते सोबत असूनही अगदी घरच्यासारखा बोलला. “ती जाईल कुठेतरी. जाऊ दे. तुम्ही आहात ना, ताई. तुम्हाला कळेलच.”

संध्याकाळी, तू गेल्याचं कळल्यावर, मी तळघरात गेले. तुझ्या विभागातल्या बाईंनी विचारलं, “तुम्ही कोण?” मी म्हटलं, कुणी नाही, ऑफिसची. त्या म्हणाल्या, इथे एक होती, फार छान हात होता, अचानक गेली. दाबयंत्रात एक पुस्तक अर्धं शिवलेलं होतं. दोरा तसाच लोंबत होता. मला तो नीट गुंडाळून ठेवावासा वाटला, पण मी कशाला हात लावला नाही.

आदेश मोडल्याचा खटला होईल, वकीलबाई म्हणतात. होईल तेव्हा होईल. तोवर तो मोकळा आहे आणि त्याला माझ्या ऑफिसचा रस्ता पाठ आहे.

ताई

२७ तारीख, शुक्रवार

प्रिय बारके,

तुझं पत्र आलं.

बुधवारी वकीलबाईंनी बोलावून घेतलं आणि पाकीट हातात दिलं. वर माझं नाव, तुझ्या अक्षरात. ‘ताई’ लिहून पुढे आडनाव घालणारी तूच एक. जाड होतं. वकीलबाई म्हणाल्या, “नवा पत्ता आत आहे. तिनं स्वतःहून दिलाय. मी नको म्हटलं होतं, पण ती म्हणाली, ताईनं सगळं लिहिलंय, आता तिला कळू दे.”

म्हणजे तू वाचलीस. सगळी. तू माझ्याकडे लपलीस त्या नऊ दिवसांचं पत्रही.

मी त्यांच्या ऑफिसातल्या बाकड्यावर बसले. उन्हाकडे धरलं तर आतल्या ओळी अंधुक दिसत होत्या, म्हणून खाली धरलं. बोटांनी पानं मोजली. चार असावीत. तू मला काय लिहिलं असशील त्याची कल्पना करत मी अर्धा तास तिथे बसले होते. शिव्या असल्या तरी त्या मला हव्या होत्या.

मग ते न उघडता वकीलबाईंना परत दिलं.

रागावू नकोस. तू माझ्यावर विश्वास टाकलास, आणि तो ठेवून घ्यायची माझी लायकी नाही, असं काही मोठं मी म्हणत नाहीये. लायकी-बियकीचा प्रश्न नाही. प्रश्न माझ्या तोंडाचा आहे. पत्ता वाचला की तो माझ्या पोटात राहणार नाही. मी शपथ घेईन, देवापुढे घेईन, आणि तो समोर बसून हळू आवाजात विचारेल आणि माझे डोळे त्या दिशेला जातील. मी मला ओळखते. तीन वर्षं मी स्वतःला सांगत होते की पुढच्या वेळी मी खंबीर राहीन. नाही राहत मी. म्हणून तू कुठे आहेस, तिथे ऊन आहे की थंडी, काय काम करतेस, काहीही मला कळवू नकोस. या पत्रालाही उत्तर नको. कोरा कागदही नको, पाकिटावर पोस्टाचा शिक्का असतो.

काल तो आला होता. मला वाटलंच होतं येईल. सुट्टीची वेळ, बाहेरच्या टेबलांपाशी मी एकटी. खुर्ची ओढून बसला. साहेब त्यांच्या खोलीत होते, दार उघडं होतं, पण मला हाकही मारता येईना.

“पत्ता आला असेल,” तो म्हणाला.

“तिचं पत्र आलं होतं,” मी म्हटलं. बघ, पहिल्या फटक्यात सांगून टाकलं.

तो पुढे वाकला. “मग? कुठे आहे?”

“मी उघडलं नाही. परत दिलं. मला माहीत नाही.”

त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं. खूप वेळ. मला त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. भीतीनं माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण मी नजर वळवली नाही, कारण वळवायला मला दिशाच नव्हती. तो शोधत राहिला, बारके. एकदा ओठ बघितले, एकदा हात. मग त्याच्या चेहऱ्यावर असं काहीतरी आलं जे मी कधी पाहिलं नव्हतं. त्याला कळलं की मी खरं बोलतेय.

तो उठला. खुर्ची आत सरकवली नाही. मी साहेबांना सांगितलं, त्यांनी वकीलबाईंना आणि पोलिसांना स्वतः फोन केला, मग मला घरी पाठवलं. तो परत येईल. येईना का. मी भिईनच, दर वेळी भिईन, पण त्याला द्यायला माझ्याकडे काही असणार नाही.

घरी जाऊन आईला सांगितलं, धाकटीचं पत्र आलं होतं. ती भिंतीला धरून उठली. चष्मा शोधायला लागली. म्हणाली, “काय लिहिलंय गं?”

मी म्हटलं, “चार पानं.”

तिनं चष्मा घातला, काढला, परत घातला. “चार?” म्हणाली. “बरीच की.”

तुझी ताई